रोज एक तास फोन कपाटात: कोणी करून बघितलंय का?

सांजवेळ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले, आज बसलेच शेवटी.

गेले साडेतीन महिने मी रोज संध्याकाळी सहा ते सात फोन स्विच ऑफ करून कपाटात ठेवते, चादरींच्या घडीखाली. त्या तासात लॅपटॉप बंद, टीव्ही बंद, कानात काही नाही. बस इतकंच. ध्यानबिन काही करत नाही, व्यायाम नाही, कुठला कोर्स नाही.

सुरुवात कशी झाली ते सांगते. एका रविवारी दुपारी घरचे सगळे बाहेरगावी गेले होते आणि मी अख्खा आठवडा त्या दुपारची वाट बघत होते, म्हणजे अगदी मनात मांडे खात होते की आता चार तास माझे, कोणी हाक मारणार नाही, कोणाचं काही शोधून द्यायचं नाही. पाठ टेकली आणि एकच मेसेज बघू म्हणून फोन घेतला. मान वर केली तेव्हा खोलीत अंधार झाला होता, दिवा लावायचंसुद्धा सुचलं नव्हतं, मान आखडलेली, आणि एवढा वेळ काय बघितलं ते आठवायला गेले तर एक गोष्ट आठवेना. एकसुद्धा. मला इतकं वाईट वाटलं ना, की ती दुपार माझी होती आणि मी ती देऊन टाकली, आणि कोणाला दिली तेही मला सांगता येत नाहीये.

दुसऱ्या दिवसापासून तास ठरवला.

खरं सांगते, पहिला आठवडा वाईट गेला. पहिल्या दिवशी वाटलं अर्धा तास तरी झाला असेल, घड्याळ बघितलं तर अकरा मिनिटं. हात आपोआप शेजारी चाचपायचा, फोन तिथे नाही हे डोक्याला माहीत होतं पण हाताला माहीत नव्हतं. दोनदा तर मांडीवर काहीतरी थरथरल्यासारखं वाटलं, फोन दुसऱ्या खोलीत बंद पडलेला असताना. आणि मग एकेक गोष्टी वर यायला लागल्या. बहिणीशी झालेलं जुनं भांडण, न दिलेली उत्तरं, एका मैत्रिणीला मी तिच्या कठीण काळात फोन केला नाही ते. चौथ्या दिवशी रडू आलं. कारण विचाराल तर एक असं नाही सांगता येणार.

पण मी उठले नाही. आणि साधारण दुसऱ्या आठवड्यात एक झालं. आमच्या पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा समोरच्या भिंतीवर येतो. तो आधी खिळ्याच्या खाली असतो, मग हळूहळू वर सरकतो, खिळ्याची सावली लांब होत जाते, तिरकी होते, अगदी बोटभर होते आणि मग पट्टा तांबूस होऊन विझतो. पंधरा वर्षं मी या घरात राहते. पंधरा वर्षं तो पट्टा रोज येत असणार. मी तो पहिल्यांदा बघितला.

माझं म्हणणं एवढंच की फोन बंद केला की लगेच शांतता मिळते असं नाहीये. आधी जी येते ती अस्वस्थता, आणि बहुतेक लोक तिथेच उठतात, मीही याआधी चार-पाच वेळा तिथेच उठले होते आणि "आपल्याला नाही जमत" असं ठरवून मोकळी झाले होते. ती पंधरावीस मिनिटं बसून काढली तर पलीकडे काहीतरी आहे.

तुमच्यापैकी कोणी असं करतं का? त्या पहिल्या पंधरा मिनिटांचं तुम्ही काय करता?

---

गवतफुला | सोमवार, रात्री १०:०५

खिळ्याच्या सावलीपाशी थांबले आणि परत वाचलं. खूप छान लिहिलंय ताई.

पण माझ्याकडे दोन वर्षांचं बाळ आहे. तास सोडा, मला सलग सात मिनिटं मिळत नाहीत. ते झोपलं की मी फोन घेते कारण दिवसभरात तेवढंच माझं असतं असं वाटतं, आणि मग रात्री साडेबारा. मला कळतंय की ते माझं नाहीये. पण दमलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

---

कोडकर | सोमवार, रात्री ११:२०

सांजवेळ, धागा काढलात ते बरं केलंत. मी बरीच वर्षं ॲप बनवणाऱ्या टीममध्ये काम केलंय, म्हणून आतली बाजू सांगतो, विशेषतः गवतफुला यांच्यासाठी, कारण त्यांच्या प्रतिसादात स्वतःला दोष देणं दिसलं आणि तो दोष त्यांचा नाही.

तुम्ही खाली सरकवत जाता आणि पान संपतच नाही, ही गोष्ट निसर्गतः तशी नाही, ती कोणीतरी बसून तयार केलेली आहे. अझा रॅस्किन नावाच्या डिझायनरने २००६ मध्ये ती कल्पना मांडली, हेतू चांगला होता, लोकांना "पुढचं पान" दाबायला लागू नये. नंतर त्यानेच जाहीरपणे खंत व्यक्त केली. कारण पान संपणं ही एक खूण होती. पुस्तकाचं प्रकरण संपतं, वर्तमानपत्राची घडी घातली जाते, तिथे डोकं क्षणभर विचारतं, आता पुढे काय? ती विचारायची जागाच काढून टाकली तर माणूस उठणार कुठे?

दुसरं, बक्षीस. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. बटणावर चोच मारली की दाणा. दर ठराविक टोच्यांनंतर दाणा मिळत असेल तर कबुतर दाणा मिळाल्यावर जरा थांबतं, मग परत सुरू करतं. पण दाणा कधी तिसऱ्या टोच्याला, कधी तिसाव्या, कधी लागोपाठ दोनदा, असा अनिश्चित ठेवला तर ते थांबत नाही, टोचतच राहतं, आणि दाणे बंद केल्यावरसुद्धा खूप वेळ टोचत राहतं. आता स्क्रीन वरून खाली ओढून सोडायची आणि काहीतरी नवीन येतंय का बघायचं, हे आठवा. दहातल्या नऊ वेळा काही नसतं. त्या दहाव्या वेळेसाठी हात जातो.

त्यामुळे "मला स्वतःवर ताबा नाही" असं कृपया म्हणू नका. समोर खूप हुशार माणसं पगार घेऊन बसलेली आहेत आणि त्यांच्या कामाचं मोजमाप तुम्ही किती मिनिटं थांबलात यावर होतं. मीही तिथे बसलेलो आहे आणि मला त्याचं बरं वाटत नाही.

म्हणून इच्छाशक्तीवर विसंबू नका, अंतरावर विसंबा. सांजवेळ यांचं कपाट आणि चादरी हा अतिशय योग्य उपाय आहे, उठून, दार उघडून, घडी उचलून, फोन चालू होईपर्यंत थांबायला लागणं, यात जी दीड-दोन मिनिटं जातात तीच विचारायची जागा परत मिळवून देतात.

---

मुक्ता_म | मंगळवार, सकाळी ७:१५

कोडकर, वाचनखूण साठवली.

मला करायची खूप इच्छा आहे पण एक अडचण आहे. वडिलांची तब्येत नाजूक आहे, ते दुसऱ्या गावात असतात, आई एकटी त्यांच्याजवळ. गेल्या वर्षी रात्री फोन आला होता आणि मी सायलेंटवर ठेवला होता. सगळं नीट झालं, पण तेव्हापासून फोन हाताच्या अंतरावर नसेल तर छातीत धडधडतं. आंघोळीलाही आत घेऊन जाते. स्विच ऑफ हा शब्द वाचूनच घाबरायला झालं.

---

पक्का_प्रवासी | मंगळवार, सकाळी ८:३०

मुक्ता, स्विच ऑफ करूच नका. तुमच्या बाबतीत ते चूक ठरेल.

"डू नॉट डिस्टर्ब" लावा आणि त्यात फक्त आईचा नंबर सोडा. आयफोनमध्ये फोकसच्या सेटिंगमध्ये कोणाचे कॉल येऊ द्यायचे ते निवडता येतं, अँड्रॉइडमध्ये स्टार केलेले कॉन्टॅक्ट निवडता येतात. शिवाय दोन्हीकडे परत फोन करणाऱ्याला आत सोडायची सोय असते, तोच माणूस आयफोनवर ३ मिनिटांत किंवा अँड्रॉइडवर १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करत असेल तर रिंग वाजते. शेजाऱ्यांनी किंवा डॉक्टरांनी अनोळखी नंबरवरून लावला तरी दुसऱ्या वेळी कळेल, फक्त आईला आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा की नाही उचलला तर लगेच परत लावा.

आणि रिंगचा आवाज मोठा करून फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आधी एकदा आईला मुद्दाम फोन करायला सांगा आणि वाजतो का बघा. नुसतं सेटिंग करून मनाची भीती जात नाही, कानाने ऐकायला लागतं. माझ्या आईच्या आजारपणात मी हेच केलं होतं.

---

वाचनवेडा | मंगळवार, दुपारी १:५०

पहिल्या पंधरा मिनिटांबद्दल सांजवेळ यांनी विचारलंय, त्यावरून एक प्रयोग आठवला.

२०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता, व्हर्जिनिया विद्यापीठातला. लोकांना रिकाम्या खोलीत ६ ते १५ मिनिटं नुसतं विचार करत बसवलं, फोन नाही, पुस्तक नाही, काहीच नाही. बऱ्याच जणांना ते आवडलं नाही. मग एका प्रयोगात खोलीत एक बटण ठेवलं, दाबलं की विजेचा सौम्य झटका बसणार. झटका आधी देऊन दाखवला होता आणि हा परत बसू नये म्हणून आम्ही पैसेसुद्धा देऊ असं म्हणणारेच लोक मोजणीत धरले होते. तरीही त्या १५ मिनिटांत १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी एकदा तरी बटण दाबलं. नुसतं बसवेना म्हणून.

म्हणजे सांजवेळ, तुमची ती अकरा मिनिटं जड गेली यात काहीच नवल नाही, माणसाला ते जडच जातं. पूर्वी फक्त दाबायला बटण हाताशी नव्हतं.

अजून एक, ग्लोरिया मार्क या कॅलिफोर्नियातल्या संशोधिका, त्या काम करणाऱ्या लोकांचं निरीक्षण करतात. २००४ च्या सुमाराला माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा, अलीकडच्या वर्षांत ते ४७ सेकंदांवर आलंय. ४७ सेकंद! मला हे वाचल्यावर माझंच वाचन आठवलं. मी शाळेत असताना सुट्टीत झाडाखाली बसून अंधार पडेपर्यंत वाचायचो आणि आता दुसऱ्या पानावर हात खिशाकडे जातो. माझ्या हातून काहीतरी गेलंय, आणि ते मला परत हवंय. मनापासून हवंय.

अवांतर: फोन टेबलावर नुसता पालथा पडलेला असला तरी लक्षाचा काही भाग त्याच्यात अडकतो असा २०१७ चा एक अभ्यास आहे, टेक्सास विद्यापीठातला. नंतर इतरांनी तो करून बघितला तेव्हा सगळ्यांना तसंच आढळलं असं नाही, त्यामुळे त्यावर फार भर देत नाही. माझ्यापुरतं सांगतो, फोन दुसऱ्या खोलीत असला की मी वेगळा माणूस असतो.

---

एकटा_किनारा | मंगळवार, रात्री ९:१०

सगळे प्रतिसाद वाचले. मला वेगळं म्हणायचं आहे, राग मानू नका.

मी एकसष्ट वर्षांचा आहे. पत्नी जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा परदेशात. मला शांतता शोधायला जायला लागत नाही, ती दार उघडलं की समोर उभी असते. सकाळी फोनवर कोणीतरी बोलत असतं, बातम्या असोत, गाणी असोत, कोणी अनोळखी मनुष्य आपली बाग दाखवत असो, तेवढाच घरात माणसाचा आवाज. रात्री मी मोबाईल उशाशी चालू ठेवूनच झोपतो.

तुम्ही सगळे "स्वतःसाठी वेळ" म्हणता तेव्हा तुमच्या घरात माणसं आहेत, गडबड आहे, म्हणून तो वेळ गोड लागतो. ज्याच्याकडे तोच वेळ ढीगभर पडलाय त्याने फोन कपाटात ठेवून काय करायचं? भिंतीकडे मीही बघतो. मला तिथे ऊन दिसत नाही.

---

सांजवेळ | मंगळवार, रात्री १०:३०

काका, राग कसला. तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ गप्प बसले.

तुमचं बरोबर आहे. मी माझ्या भरल्या घरातून लिहिलं आणि सगळ्यांची घरं तशीच असणार असं धरून चालले, ही माझी चूक झाली. ज्या शांततेला मी तहानलेली आहे तीच तुम्हाला डोईजड झालीये. तुम्ही तो आवाज बंद करा असं म्हणायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही.

फक्त एक विचारू का? माणसाचा आवाज आणि ते एकामागून एक येणारे तुकडे, यांत तुम्हाला फरक जाणवतो का? मला जाणवतो. माझी मावशी एकटी राहते, ती रोज रात्री माझ्याशी वीस मिनिटं बोलते, तो फोनच आहे, पण त्यानंतर तिचा आवाज हलका झालेला असतो. रेडिओ लावून बसते तेव्हाही ठीक असते. मात्र ज्या दिवशी ती नुसते व्हिडिओ सरकवत बसलेली असते त्या दिवशी ती बोलताना मध्येच हरवते. तुमचं तसं होत असेलच असं नाही. वाटलं म्हणून विचारलं.

गवतफुला, तुझ्या प्रश्नावर दिवसभर विचार करतेय. माझी मुलं लहान असती तर मी हा धागा काढलाच नसता, तेव्हा मला झोप हवी होती, शांतता नव्हे. तास विसर. बाळ झोपलं की फोन घ्यायच्या आधी पाच मिनिटं, फक्त पाच, तिथेच अंधारात बस. मग घे खुशाल.

---

निशाचर | बुधवार, पहाटे २:१५

वेळ बघून कळलंच असेल. मी या धाग्याचा सगळ्यात गरजू वाचक.

रात्रीच्या निळ्या प्रकाशाबद्दल फार बोललं जातं, मीही पिवळा फिल्टर लावून निश्चिंत होतो. यावर २०१५ चा एक काटेकोर प्रयोग आहे, १२ जणांना प्रयोगशाळेत ठेवून सलग ५ रात्री झोपण्यापूर्वी ४ तास प्रकाश फेकणाऱ्या पडद्यावर वाचायला दिलं आणि तेवढ्याच रात्री छापील पुस्तक. पडद्यावर वाचलं तेव्हा मेलाटोनिन म्हणजे झोपेचं जे रसायन असतं ते कमी झालं, आणि झोप लागायला साधारण १० मिनिटं जास्त लागली. चार तासांनंतर दहा मिनिटं. मी मात्र दोन-दोन तास जागा असतो, मग ते काही एकट्या प्रकाशाचं काम नाही. मला जागं ठेवतं ते आत काय चाललंय ते, कोणीतरी कोणालातरी काहीतरी बोललेलं असतं आणि मी बिछान्यात पडून मनातल्या मनात त्याला उत्तरं देत असतो. ज्याला मी कधी भेटणार नाही त्याला.

गेल्या महिन्यात एक गोष्ट केली, गजराचं घड्याळ आणलं. साधं, किल्लीचं. कारण फोन उशाशी ठेवायला माझ्याकडे तेवढंच एक कारण होतं, गजर. मनगटावर पण परत घड्याळ बांधायला लागलो, वेळ बघायला म्हणून फोन उघडायचो आणि वेळ सोडून सगळं बघायचो. चार दिवस पाळलं, छान झोपलो, मग एक दिवस "आज एकच दिवस" म्हणून फोन आत आला तो आज इथवर.

उद्यापासून परत बाहेर. इथे लिहून ठेवतोय म्हणजे लाज राहील.

---

धावपळ | बुधवार, सकाळी ११:४०

संध्याकाळी सहा ते सात म्हणजे माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर ऐन गर्दीची वेळ. साहेब काही म्हणत नाहीत थेट, पण दोन निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर गेलं नाही की दुसऱ्या दिवशी चेहरा सांगतो. फ्रान्समध्ये २०१७ पासून पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडायच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करायला लागतात, ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये तसा कायदा आला. इथे वाचणाऱ्या बहुतेकांच्या नशिबात तो नाही.

मी शेवटी असं केलं, कोणाची परवानगी मागितली नाही, फक्त सांगितलं. "मी रात्री साडेआठ ते साडेनऊ फोनवर नसतो, तातडीचं असेल तर कॉल करा, कॉल उचलेन." दोन महिन्यांत तीन कॉल आले. तीन. आणि त्याच तासात रोज चाळीसेक मेसेज यायचे जे वाटायचं की आत्ता बघितलेच पाहिजेत. ती माणसं थांबू शकत होती, मीच त्यांना थांबायला सांगितलं नव्हतं.

---

शब्दवेल | बुधवार, दुपारी ३:२०

त्या तासात पुस्तक चालेल का? की तेही नको? मला हातात काहीच नसेल तर फार विचित्र वाटतं, कोणी बघितलं तर काय म्हणेल असंही वाटतं, ही बसलीये नुसती.

---

सांजवेळ | बुधवार, सायंकाळी ५:३०

चालेल की. पण पहिली पंधरा मिनिटं नको असं मी माझ्यापुरतं ठरवलंय. कारण पुस्तक लगेच उघडलं तर मी त्याच्यामागेही लपते, तिथे फक्त छापील शब्द असतात इतकाच फरक. आधी जे वर यायचं ते येऊ दे, मग वाच, भरतकाम कर, कुंड्यांना पाणी घाल. मी हल्ली एक वही ठेवते, लिहायला नाही, टिपून ठेवायला. "बहिणीला फोन." "कपाटाचं बिजागर." अस्वस्थतेतली अर्धी गोष्ट अशी निघते की आत्ता नाही केलं तर विसरेन. ती वहीत उतरली की गप्प होते.

आणि नुसतं बसलेल्या बाईकडे लोक बघतातच. माझ्या नवऱ्याने पहिल्या आठवड्यात तीनदा विचारलं, तुला बरं नाहीये का? आता तो त्या वेळेला आवाज न करता दार लावून घेतो. सांगायला लागतं घरात. न सांगता मिळत नाही.

(बहिणीला फोन केला. पाऊण तास बोललो. एवढं सगळं नाही सुटलं, पण बोललो.)

---

मुक्ता_म | शुक्रवार, रात्री ८:४५

पक्का_प्रवासी, मनापासून धन्यवाद. तुम्ही सांगितलं तसं सेटिंग केलं आणि आईला दुसऱ्या फोनवरून लावायला सांगितलं. पहिली रिंग वाजलीच नाही, माझ्या पोटात गोळा आला, दुसऱ्यांदा लावल्यावर खणखणीत वाजला. मी दुसऱ्या खोलीत दार लावून बसले होते तरी ऐकू आला. आईला परत एकदा करायला लावलं. ती हसायला लागली.

काल बावीस मिनिटं फोनशिवाय बसले. मी त्यातली पंधरा मिनिटं रिंग वाजतेय का तेच ऐकत होते, शांत वगैरे काही नव्हते. पण उरलेली सात मिनिटं कुठे गेली ते कळलं नाही, आणि उठले तेव्हा खांदे खाली आले होते. माझे खांदे एक वर्षभर कानापाशी होते हे मला काल कळलं.

---

गवतफुला | शनिवार, दुपारी २:३०

ताई, पाच मिनिटं करतेय. चार दिवस झाले. दोन दिवस बसल्या बसल्या झोपच लागली, म्हणजे मला कशाची गरज होती ते शरीराने सांगितलं.

पण मला दुसरंच सांगायचंय. परवा मी फोन बघत होते आणि बाळ समोर बसून खेळातली एक लाकडी वीट हातात धरून तिच्याकडे बघत होतं. मान खाली, अंगठा वर-खाली. मी हाक मारली तर वर न बघता "हं" म्हणालं. अगदी माझ्यासारखं "हं".

मी फोन ठेवला. त्या विटा घेऊन दोघं जमिनीवर बसलो. माझी शांतता वगैरे नंतर बघू, आत्ता ते "हं" जायला हवंय.

---

कोडकर | शनिवार, सायंकाळी ४:१०

गवतफुला, हे वाचून काय लिहू सुचत नाहीये. एक छोटी मदत, फोनचा पडदा कृष्णधवल करून ठेवा, दोन्ही प्रकारच्या फोनमध्ये ती सोय आहे, आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीतल्या कलर फिल्टरमध्ये, बऱ्याच अँड्रॉइडमध्ये डिजिटल वेलबीइंगच्या बेडटाइममध्ये. सूचनांचे ते लाल ठिपके मुद्दाम लाल असतात. करडे झाले की हाक मारायचं बरंच कमी करतात. आणि माणसांच्या कॉल-मेसेजखेरीज बाकी सगळ्या नोटिफिकेशन बंद. ऑफर, आठवणी, "बरेच दिवस दिसला नाहीत", सगळ्या. त्या तुमच्यासाठी नाहीत.

---

निशाचर | रविवार, सकाळी ६:५०

फोन चार रात्री बाहेर आहे. वेळ बघा.

---

एकटा_किनारा | त्यापुढचा शुक्रवार, रात्री ८:२०

सांजवेळ ताई, तुम्ही विचारलं होतंत, त्याचं उत्तर द्यायला दहा दिवस लागले.

फरक आहे. मी आठवडाभर नीट लक्ष ठेवलं. मुलाशी बोलणं झालं की मला झोप येते. गाणी लावली की मी घरातलं काहीतरी काम करतो. आणि ते छोटे छोटे व्हिडिओ बघत बसलो की उठल्यावर घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटतं. हे मला माहीत होतं बहुतेक, पण तुम्ही विचारेपर्यंत मी स्वतःला सांगितलं नव्हतं.

फोन कपाटात वगैरे मी ठेवलेला नाही. उशाशीही चालूच असतो. फक्त संध्याकाळी साडेसहा ते सात तो समोरच्या खोलीत ठेवतो आणि मागच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसतो. ती तिची खुर्ची. दोन वर्षं त्या बाजूचं दार मी उघडत नव्हतो. पहिले दोन दिवस फार कठीण गेले, त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरून बासरी ऐकू आली. कोणीतरी शिकतंय, लहान मूल असावं. एकच ओळ परत परत. सुरुवात ठीक होते, मग वरच्या सुरावर जाताना फुंकर फाटते, नुसती हवा येते, आणि मूल थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. रोज तेच, रोज त्याच जागेवर. ही शिकवणी कधीपासून चाललीये देव जाणे, माझ्या घरात साडेसहाला बातम्या मोठ्याने लावलेल्या असायच्या.

आता मी त्या जागेची वाट बघतो. ती जवळ आली की माझाच श्वास अडकतो, उगाच खुर्चीचा हात घट्ट धरला जातो.

आज सूर लागला. एकदाच, मग परत फाटला. पण लागला. खाली कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि मी वरून वाजवल्या.